मिठाची वाट

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना समुद्र नाही. कृष्णा आहे, कोयना आहे, वारणा आहे, येरळा आणि माणगंगा आहेत. ऊस आहे, हळद आहे, ज्वारी आहे, द्राक्षे आहेत. पण भाकरीबरोबर लागणारे चिमूटभर मीठ मात्र या मातीत पिकत नाही. आणि माणूस तर इथे हजारो वर्षे राहतो आहे. मिठावाचून त्याचे चालले कसे? ते येत होते कुठून, आणत होते कोण, आणि कोणत्या वाटेने?

प्रश्न अगदी घरगुती आहे. किराणा दुकानात जाऊन पुडा आणला की आपल्या दृष्टीने तो मिटतो. परंतु वाचकहो, या घरगुती प्रश्नाचे बोट धरून निघालात, तर तुम्ही घाट चढाल, किल्ले पाहाल, लेण्यांत शिराल, आणि दोन हजार वर्षांचा इतिहास पायाखालून गेल्याशिवाय राहणार नाही. राजांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. मिठाचा कुणी शिकवत नाही. पण राजेसुद्धा मीठ खातच होते!

आधी मीठ होते कसे, ते पाहू. खारट पाणी उथळ जागेत पसरायचे आणि उन्हाच्या हवाली करायचे. ऊन पाणी घेऊन जाते, मीठ मागे ठेवते. एवढीच युक्ती. कोकणच्या किनाऱ्यावर खाडीकाठी बांध घालून खाजणे अडवतात, भरतीचे पाणी आत घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत आटवतात, आणि शेवटच्या लहान वाफ्यात मिठाचे दाणे धरू लागले की फळीने ओढून ढीग करतात. पावसाळा संपला, थंडी ओसरू लागली की हे काम जोर धरते आणि मृगाच्या आधी आटोपते. याचे नाव मिठागर.

हीच युक्ती निसर्ग आपल्या शेतातही करतो, आणि ती आपल्याला महागात पडते. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी पाहा. पाणी भरपूर, निचरा कमी. उसाला पाण्यावर पाणी दिले, की जमिनीखालचे पाणी वर चढते. ते वरच्या थरात येऊन उन्हाने उडते आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार तिथेच सोडून जाते. पांढरा पापुद्रा येतो आणि रान क्षारपड होते. म्हणजे या भागाला क्षार परका नाही. पण तो भाकरीच्या कामाचा नाही, आणि पिकाच्या तर मुळीच नाही. ताटातले मीठ त्याला बाहेरूनच आणावे लागले.

बाहेरून म्हणजे कोकणातून. नकाशा उघडून पाहा. कऱ्हाडपासून चिपळूण शंभर किलोमीटरांच्या आत आहे. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. चिपळूण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, आणि कुंभार्ली घाटाचा माथा सुमारे सहाशे मीटर उंच. एवढी भिंत चढून मीठ वर आणायचे, तेही चाकाशिवाय. हे काम किती अवघड होते आणि ते माणसाने किती हिकमतीने केले, याचा अंदाज यावा म्हणून क्षणभर फार दूर जाऊ या. दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात, अँडीज पर्वतावर.

तिथे कुस्को नावाचे शहर आहे. ती इंका राजांची राजधानी. या शहराच्या जवळ मारास नावाचे गाव आहे, आणि गावाखालच्या दरीत, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, मिठागर आहे! समुद्र कुठे, डोंगर कुठे? पण तिथे डोंगराच्या पोटातूनच खारट पाण्याचा झरा निघतो. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी लहान लहान वाफे बांधले आहेत. त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. झऱ्याचे पाणी पाटातून एकेका वाफ्याकडे जाते. आपल्याकडे उसाला दारे धरतात ना, अगदी तसेच. वाफ्याचे तोंड उघडायचे, भरला की बंद करायचे, आणि उन्हाची वाट पाहायची. हे वाफे गावातल्या कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. इंकांच्याही आधीपासून तिथे मीठ काढले जात होते, आणि आजही काढले जाते.

आता हे मीठ डोंगराळ मुलखात पोचवायचे कसे? इंकांजवळ घोडा नव्हता, बैल नव्हता, आणि चाकाची गाडीही नव्हती. होता तो लामा नावाचा उंटाच्या कुळातला लहानसा प्राणी. तो पंचवीस-तीस किलोंचे ओझे नेतो; जास्त लादले तर खाली बसतो आणि उठायचे नाव घेत नाही. अशा प्राण्यांच्या आणि माणसांच्या पायांवर इंकांनी आपले राज्य बांधले. त्यासाठी रस्ते केले. जुने रस्ते जोडून घेतले, नवे काढले. कड्याला पायऱ्या खोदल्या, ओढ्यांवर गवताच्या दोरांचे पूल टाकले, आणि टप्प्याटप्प्याला मुक्कामाची घरे व कोठारे बांधली. त्या घरांना ते तांबो म्हणत. या सर्व रस्त्यांची लांबी तीस हजार किलोमीटरांच्या घरात जाते. १५३२ साली स्पॅनिश लोक आले आणि इंकांचे राज्य कोसळले. गंमत अशी, की परक्या फौजांनाही तेच रस्ते उपयोगी पडले. वाटेला आपपर कुठले?

आज जगभरचे लोक पेरूत जातात ते माचू पिचू पाहायला. १९११ साली हायरम बिंगहॅम या अमेरिकन अध्यापकाने ते ठिकाण जगाच्या नजरेस आणले. ते पाहण्यासारखे आहेच. पण तिथल्या लोकांनी आणि सरकारांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर, कोलंबिया, चिली आणि अर्जेंटिना या सहा देशांनी मिळून तो जुना रस्ताच जागतिक वारसा म्हणून मांडला, आणि २०१४ साली युनेस्कोने तो मान्य केला. नगर हा मणी, मंदिर हा मणी, मिठागर हाही एक मणी. आणि रस्ता हा त्या सर्वांना ओवणारा दोरा. त्यांनी दोऱ्याची किंमत ओळखली.

आता परत आपल्या घाटावर या आणि स्वतःला विचारा: आपले मणी आपण मोजले, पण दोरा पाहिला का?

चला, पाहू. आरंभ करू या चिपळूणजवळच्या गोवळकोटापासून. वाशिष्ठी नदीच्या खाडीतून गलबते भरतीबरोबर इथपर्यंत येत. मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी असा माल धक्क्यावर उतरे. पुढे गलबताचे काम संपले आणि पायांचे सुरू झाले. चिपळुणातून पूर्वेकडे वाट सह्याद्रीच्या पायथ्याला जाते, पोफळीजवळ चढणीला लागते आणि कुंभार्लीच्या खिंडीतून घाटमाथ्यावर येते. माथ्यावर पोचलात, की हेळवाक.

हेळवाकला एक क्षण थांबा, कारण या सगळ्या कहाणीची किल्ली इथे आहे. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कडेकडेने, अगदी काठाला बिलगून, दक्षिणेकडे वाहत येते. वाटेत कुठे मोठे वळण नाही. पण हेळवाकला आल्यावर ती एकदम पूर्वेला वळते आणि पाटणवरून थेट कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते. म्हणजे घाट चढून आलेल्या माणसापुढे नदीने स्वतः खोदलेला राजमार्ग उलगडलेला असतो. डावीउजवीकडे डोंगर, मध्ये सपाट खोरे, जनावरांना पाणी आणि चारा. वाट शोधावी लागत नाही. नदीच ती दाखवते.

या खोऱ्यातून चाला. पाटणला केरा नदी कोयनेला मिळते, आणि वर दातेगड उभा असतो. त्यालाच सुंदरगडही म्हणतात. तिथली कातळात खोल खोदलेली, तलवारीच्या आकाराची विहीर पाहायला लोक जातात. आणखी पूर्वेला, कऱ्हाडच्या अलीकडे, तळबीडजवळ वसंतगड. तळबीड हे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे गाव. शिवाजी महाराजांनी १६५९ साली वसंतगड घेतला. पुढे १६९९ साली औरंगजेब साताऱ्याला वेढा घालायला निघाला, तेव्हा त्याने आधी हा गड हस्तगत केला. का? गडावर काही सोन्याची खाण नव्हती. गडाखालून वाट जात होती. ज्याच्या हाती गड त्याच्या हाती वाट, आणि ज्याच्या हाती वाट त्याच्या हाती मीठ, जकात आणि कोकणाशी संबंध.

हीच गोष्ट उत्तरेला प्रतापगडाची. पार घाटावर नजर ठेवणारा हा किल्ला महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांकरवी बांधून घेतला, आणि १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाला त्याच्याच पायथ्याशी यावे लागले. दक्षिणेला शृंगारपूरच्या माथ्यावरचा प्रचितगड असाच. संगमेश्वराकडून चढणाऱ्या वाटेवर त्याचा पहारा. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी येतात. पण युद्धाचे दिवस थोडे आणि शांततेचे फार. त्या शांततेच्या दिवसांत किल्लेदार पाहत होता ते बहुधा खालून जाणारे बैल आणि त्यांच्या पाठीवरच्या गोणी.

आता कऱ्हाडला या. हे गाव फार जुने. मध्य प्रदेशात भारहुत येथे एक प्राचीन बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावर, इसवी सनापूर्वीच्या काळातल्या लेखांत, करहकट नावाच्या गावाच्या निगमाने दान दिल्याची नोंद आहे. करहकट म्हणजे आपले कऱ्हाड, आणि निगम म्हणजे व्यापाऱ्यांची नगरसभा. विचार करा, दोन हजार वर्षांपूर्वी कऱ्हाडचे व्यापारी इतके सधन आणि संघटित होते, की शेकडो कोस दूर त्यांनी आपल्या नावाने दान दिले. आणखी एक पुरावा कोकणातला. रायगड जिल्ह्यात, राजपुरीच्या खाडीजवळ, कुडे येथे लेणी आहेत. तिथल्या एका लेखात लेणे देणाऱ्याचे गाव आणि धंदा दोन्ही सांगितले आहेत: कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. घाटावरचा लोखंडवाला खाडीकाठी लेणे खोदवतो, याचा अर्थ काय? त्याची ये-जा होती. त्याचा माल खाली जात होता. आणि परतताना त्याचे बैल रिकाम्या पाठीने नक्कीच येत नसतील.

कऱ्हाडच्या नैर्ऋत्येला आगाशिवाचा डोंगर आहे. जखिणवाडीच्या बाजूने चढलात, तर साठांहून अधिक लेणी तुम्हाला दिसतील. त्यांतली बहुतेक लहान आणि साधी आहेत. अजिंठ्यासारखी चित्रे नाहीत, वेरुळासारखी शिल्पे नाहीत. भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या, दगडी ओटे, पाण्याची टाकी, काही चैत्यगृहे. एका लेण्याच्या दर्शनी बाजूला खांबांवर धर्मचक्र आणि सिंह कोरलेले आहेत. एका लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दिल्याचे म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर साताऱ्याचे रेसिडेंट असलेले बार्टल फ्रिअर यांनी या लेण्यांची माहिती प्रसिद्ध केली. अर्थात माथ्यावरच्या महादेवाला जाणाऱ्या गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होतीच, जसे माचू पिचू तिथल्या शेतकऱ्यांना ठाऊक होते.

पण भिक्षूंनी हीच जागा का निवडली? दामोदर धर्मानंद कोसंबी हे मोठे विद्वान. ते सह्याद्रीच्या वाटा स्वतः पायी तुडवत, आणि त्यांनी दाखवून दिले की आपली बौद्ध लेणी एकांतात असली तरी व्यापाराच्या वाटांच्या अगदी जवळ असतात. भिक्षूला भिक्षा हवी, व्यापाऱ्याला निवारा आणि पुण्य हवे. दोघांची गाठ वाटेवरच पडायची. आगाशिवाच्या ओट्यावर बसून पश्चिमेकडे पाहा. कोयनेचे खोरे, पलीकडे वसंतगड, आणि खाली कृष्णा-कोयनेचा संगम. अँडीजमधल्या त्या तांबोची आठवण इथे होतेच. दगडातली ही घरे धर्मासाठी होती हे खरे. पण ती ज्या वाटेवर होती, ती वाट पोटासाठी होती.

मग हे मीठ वाहत होते कोण? इथे आपण लमाणांची आठवण केली पाहिजे. लवण म्हणजे मीठ. त्यावरूनच लमाण हे नाव पडले असे सांगतात. शेकडो बैलांचे तांडे घेऊन हे लोक देशभर फिरत. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लोंबकळत ठेवायच्या, पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा, मागून सगळा कबिला. बायकापोरे, कुत्री, चूल, सगळे बरोबर. घर असे नव्हतेच. वाट हेच घर. त्यांच्याखेरीज गावोगावचे वाणी, शेतकरी आणि डोक्यावरून ओझी नेणारे हेलकरीही घाट चढत-उतरत. वर येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. खाली जाताना गूळ, मिरची, हळद, तंबाखू, धान्य. घाटावरच्या माणसाची भाकरी मिठाने खाल्ली गेली, आणि कोकणातल्या माणसाची आमटी आपल्या मिरचीने तिखट झाली. हा व्यवहार दोन मुलखांच्या दोन उणिवांतून उभा राहिला होता.

घाटवाटा गाडीसाठी नव्हत्या, हेही ध्यानात घ्या. इंकांच्या रस्त्याला पायऱ्या होत्या, कारण त्यावर चाक चालवायचेच नव्हते. आपल्याकडे चाक होते, गाड्याही होत्या, पण त्या देशावरच्या सपाटीला. घाटात बैलाची पाठ आणि माणसाचे डोके, हीच वाहने. म्हणून चढणीला दगड बसवलेले, खडकात पावठ्या काढलेल्या, आणि अधूनमधून पाण्याचे टाके. टाके हे त्या वाटेचे हृदयच म्हणा. जिथे टाके सापडेल तिथे एके काळी मुक्काम होता, हे नक्की समजावे.

या व्यापाराची राजाला किती काळजी असे, याचा उत्तम दाखला शिवाजी महाराजांच्या एका पत्रात मिळतो. १६७१ सालचे हे पत्र कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले आहे. झाले होते असे: पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त मिळू लागले होते. साहजिकच व्यापारी तिकडे वळले. मग संगमेश्वराकडचे, म्हणजे स्वराज्यातले मीठ घेणार कोण? महाराजांनी हुकूम केला, की बारदेशच्या मिठावर भारी जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल आणि व्यापारी आपल्या बंदरांकडे परत येतील. वाचकहो, आज अर्थशास्त्राची मोठमोठी पुस्तके वाचून लोक ज्याला देशी धंद्याचे संरक्षण म्हणतात, ते हेच नव्हे काय? रायगडाची तयारी चाललेली, मोगलांशी युद्ध चाललेले, आणि राजा बसून मिठाच्या भावाचा हिशेब करतो. कारण त्याला ठाऊक होते, की मिठाचे व्यापारी गेले तर त्यांच्याबरोबर बंदर जाईल, बंदराबरोबर जकात जाईल, आणि आगरावर राबणारी माणसे उघडी पडतील.

पुढे इंग्रज आले. त्यांनाही मिठाची किंमत कळली, पण निराळ्या अर्थाने. मीठ प्रत्येकाला लागते, म्हणून कर बसवायला याच्यासारखी सोयीची वस्तू नाही. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये झाला. राजा असो की मोलकरी, मीठ जवळजवळ सारखेच खातो. त्यामुळे कराचा खरा भार पडला तो गरिबावर. त्याच दशकात पुण्याहून साताऱ्याच्या मुलखातून मिरजेपर्यंत आगगाडी धावू लागली. गुजरातेतल्या खाराघोड्यासारख्या दूरच्या आगरांचे मीठही आता डब्यांत भरून येऊ शकत होते. कुंभार्लीतही गाडीरस्ता झाला. लमाणांच्या तांड्यांचे दिवस संपले. त्यांच्या बैलांच्या घंटा घाटातून हळूहळू ऐकू येईनाशा झाल्या. कुणी शेतमजूर झाले, कुणी रस्त्यांच्या आणि धरणांच्या कामावर गेले. ज्यांनी शतकानुशतके मुलखाला मीठ खाऊ घातले, त्यांच्या खाल्ल्या मिठाला आपण जागलो का, हा प्रश्न मनाला टोचतो.

१९३० साली महात्मा गांधींनी दांडीला मूठभर मीठ उचलले, आणि ही साधी वस्तू साऱ्या देशाच्या ओठांवर आली. महाराष्ट्रात शिरोडे आणि वडाळा इथे मिठाचे सत्याग्रह झाले. पण सातारकरांनी काय करावे? इथे ना समुद्र, ना मिठागर. मग लोकांनी आपल्या घराशेजारचा कायदा मोडायला घेतला, तो जंगलाचा. त्या काळी सातारा जिल्ह्यात असलेल्या आणि आता सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यात मोडणाऱ्या बिळाशीचा जंगल सत्याग्रह त्याच वर्षीचा. मिठाचा लढा घाट चढून आला आणि चढता चढता त्याने रानाचे रूप घेतले. जुनी वाट विचारांनाही उपयोगी पडते, ती अशी. शेवटी १९४७ साली मिठावरचा कर उठला.

दोनच वर्षांनी, १९४९ साली, सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण सातारा हा नवा जिल्हा संस्थानी मुलूख सामावून घेऊन तयार झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावर सीमा आली. पण कऱ्हाडावरून मिरजेच्या पेठेकडे जाणारी मिठाची वाट दोन्ही जिल्ह्यांची सामाईक आहे. ती दुभंगता येत नाही.

आता त्या हेळवाकच्या वळणाकडे पुन्हा पाहा. कोयना जिथे कड्याच्या अगदी जवळ येते, तिथेच माणसाने धरण बांधले. कारण तेच, जे बैलांचे होते: देश आणि कोकण तिथे एकमेकांच्या फार जवळ आहेत. धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला नेले आणि पोफळीकडे खाली सोडले. १९६२ साली वीज सुरू झाली, आणि आज कोयनेच्या सर्व टप्प्यांची क्षमता १९६० मेगावॅट आहे. ते पाणी शेवटी वाशिष्ठीला मिळते आणि चिपळूणवरून खाडीत जाते. म्हणजे ज्या वाटेने हजारो वर्षे मीठ वर चढले, तिच्या शेजारून आता गोडे पाणी खाली उतरते. अभियंत्यांनी सह्याद्रीची जी खोड ओळखली, ती लमाणाने केव्हाच ओळखली होती. फरक इतकाच, की त्याच्या नावाचा फलक कुठे लागला नाही.

२०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक नैसर्गिक वारशाचा मान मिळाला. त्यात कास, कोयना आणि चांदोलीची राने आहेत. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले. त्यात प्रतापगड आहे. छाती अभिमानाने भरून यावी अशीच ही गोष्ट आहे. राने झाली, किल्ले झाले. राहिली ती वाट. ती कुणाच्या यादीत नाही. काही भाग डांबरी रस्त्याखाली गेला, काही शिवसागराच्या पाण्याखाली, काही झाडीत हरवला. घाटातले दगड लोक घरच्या पायाला नेतात. टाकी गाळाने भरतात. आणि वाटांची नावे ज्यांना मुखोद्गत आहेत, ते घाटमाथ्यावरच्या वाड्यांतले म्हातारे धनगर-गवळी एकेक करून निघून जात आहेत. किल्ला पडला तरी बुरुजाचे दगड राहतात. वाटेवरून पाऊल जायचे थांबले, की चार पावसाळ्यांत वाट नाहीशी होते.

तेव्हा तुम्हाला एक विनंती. पुढल्या सुट्टीत किल्ल्यावर गेलात, तर बुरुजावरून खाली पाहा आणि विचारा: हा गड कोणत्या वाटेवर नजर ठेवून होता? लेण्यात गेलात, तर तोंड फिरवून बाहेर पाहा: इथून कोणती खिंड दिसते? मास्तर असाल, तर मुलांना घाटातले एकेक टाके, एकेक पावठी नकाशावर मांडायला लावा. घाटमाथ्याच्या गावचे असाल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, त्यांच्या तोंडून वाटांची नावे ऐका आणि वहीत उतरून घ्या. यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. अँडीजमधल्या सहा देशांनी जे केले, त्याचा आरंभही कुणीतरी असा पायी चालूनच केला असणार.

आणि एवढेही जमत नसेल, तर आज रात्री जेवताना पानात डाव्या बाजूला वाढलेल्या मिठाकडे एकदा नीट पाहा. पानात पहिले वाढतात ते मीठ. इतिहासात मात्र त्याची पंगत शेवटची लागली. ती आता पुढे आणायची, तर आपणच आणायला हवी.